जुनं नक्षीदार पिस्तूल कुठलं, कधीचं? नवख्यांसाठी (नक्षी सगळ्यात शेवटी बघा)

साताऱ्याला मामाच्या माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे, तिच्यात जुन्या फेट्यांच्या खाली एक पिस्तूल धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलंय. दस्त्यावर चांदीचं काम, नळीवर फुलंपानं, आणि नळीच्या बुडाशी बारीक अक्षरात एक आकडा. लहानपणापासून ऐकत आलोय की हे पानिपतावरून आणलं. मागच्या दिवाळीत मावसभावाने फोटो झूम करून तो आकडा १२१० वाचला आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, "यादवकालीन!!" म्हणजे देवगिरीच्या सिंघणाच्या हातात पिस्तूल. त्यावर वीसेक जणांनी हात जोडले.

तेव्हापासून ज्याच्या घरात काहीतरी सापडतं तो मला फोटो पाठवतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बहुतेक जण आधी नक्षी बघतात आणि तिथेच फसतात. नक्षी कुणीही कधीही करू शकतो, शंभर वर्षांनंतरसुद्धा. लॉक म्हणजे पेटवायची यंत्रणा मात्र त्या त्या काळाचीच असते, आणि नळीच्या बुडाशी मारलेले शिक्के दागिन्यासारखे मिरवायला मारलेले नसतात त्यामुळे खरं बोलायची शक्यता जास्त. म्हणून क्रम असा ठेवायचा: लॉक, नळी, मग घडण, मग आकडे-अक्षरं, आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

पण त्याच्याही आधी, ते भरलेलं आहे का बघा. हसू नका. ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) हत्यारं भरून ठेवलेली तशीच विसरली जायची, आणि काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेट घेते. एक सरळ लाकडी काडी घ्या, नळीत तळापर्यंत हळूच सोडा, तोंडाशी पेन्सिलने खूण करा. काडी बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून धरा, खूण तोंडाशी जुळवून. काडीचं टोक कानापर्यंत पोचलं पाहिजे (कान म्हणजे नळीच्या बुडाचं ते बारीक भोक, तोफेला असतो तसाच). दोन-तीन सेंटीमीटर आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. काही जुन्या पिस्तुलांत बुडाची पोकळी नळीपेक्षा अरुंद असते तिथे काडी उगाच अडकते, तरी शंका असली की भरलेलंच धरा. नळीचं तोंड कुणाकडे करू नका, घोडा मागे ओढू नका, गरम पाण्याने धुवायला जाऊ नका, सरळ लायसन्सवाल्या बंदूक कारागिराला बोलवा नाहीतर पोलिसांना सांगा.

दुसरं म्हणजे पुसू नका. ब्रासो, चिंच, राख, सँडपेपर, काही नाही. तो काळपट थर हा वयाचा पुरावा आहे, एकदा गेला की गेला. शिक्के उथळ असतात, दोनदा घासले की सपाट. आणि स्क्रू उघडायचा मोह आवरा. मी एकदा साधा स्क्रूड्रायव्हर लावला, तो घसरला आणि लॉकच्या पट्टीवर अडीच इंचांचा ओरखडा आला, आजही त्या माणसाला तोंड दाखवताना लाज वाटते.

आता लॉक. उजव्या बाजूला जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर सगळा खेळ. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, वरून थेट नको, तिरक्या उजेडात कोरलेलं उठून दिसतं.

घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरायची सोय असेल, समोर उभी पोलादी पट्टी असेल (हिला फ्रिझन म्हणतात, गारगोटी हिच्यावर घासून ठिणगी पडते) आणि तिच्याखाली रंजकाची (आतली दारू पेटवायला बाहेर ठेवायच्या चिमूटभर दारूची) छोटी वाटी असेल, तर ते फ्लिंटलॉक, आपल्याकडे चकमकी म्हणतात ते. या यंत्रणेचं पक्कं फ्रेंच रूप १७व्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि १८४० च्या आसपासपर्यंत ती चालली. म्हणजे नुसतं "फ्लिंटलॉक आहे" म्हणून काही कळत नाही, दोनशे वर्षांचा पट्टा आहे तो. बारीक खुणा बघाव्या लागतात. इंग्लिश पिस्तुलात लॉकच्या पट्टीची खालची कड केळ्यासारखी वाकलेली असेल तर ते साधारण १८व्या शतकाच्या मध्याच्या आधीचं, सरळ असेल तर नंतरचं. फ्रिझनच्या स्प्रिंगवर छोटं चाक असेल, वाटीभोवती पाणी वाहून जाईल अशी खाच असेल, कानात सोन्याची किंवा प्लॅटिनमची बारीक नळी बसवलेली असेल, तर तुम्ही १८व्या शतकाच्या शेवटाला किंवा १९व्याच्या सुरुवातीला आलात.

घोडा हातोडीसारखा असेल आणि तो एका छोट्या उभ्या बोंडावर पडत असेल तर ती टोपीची पद्धत (आपटल्यावर पेटणारी दारू भरलेली तांब्याची छोटी टोपी त्या बोंडावर बसवायची). हिची गोष्ट मला फार आवडते. फोर्साइथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री शिकारीला जायचा, वाटीतल्या रंजकाचा भडका झाला की गोळी सुटायच्या आत पक्षी उडून जायचे, म्हणून त्याने आपटल्यावर पेटणारी दारू वापरायची शक्कल काढली आणि १८०७ ला पेटंट घेतलं. तांब्याच्या टोप्या १८२० च्या दशकात रुळल्या. म्हणजे टोपीवालं पिस्तूल पानिपतावर असूच शकत नाही, एवढं तरी डोळे मिटून सांगता येतं.

पण थांबा, इथेच एक फसवणूक आहे, आणि तीही प्रामाणिक फसवणूक. टोप्या आल्यावर लोकांनी जुनी चांगली पिस्तुलं टाकून दिली नाहीत, लोहाराकडे नेऊन फ्लिंटची टोपी करून घेतली. लॉकच्या पट्टीवर रिकामी किंवा बुजवलेली भोकं दिसतात, वाटी कानशीने घासलेली दिसते, कानाच्या जागी एक छोटं नळकांडं पिळून बसवलेलं असतं. असं दिसलं तर पिस्तूल टोपीपेक्षा जुनं आहे. म्हणून मी "हे अमुक सालचं" असं एका वाक्यात कधी सांगत नाही, नळी एका सालची, लॉक दुसऱ्या, दस्ता तिसऱ्या असं सर्रास असतं.

मेन स्प्रिंग (घोड्याला जोर देणारी) लॉकच्या पट्टीच्या आत लपलेली नसून बाहेरच दिसत असेल तर ते मिकेलेट. स्पेन, इटलीचा दक्षिण भाग, तुर्कस्तान आणि कॉकेशस, म्हणजे भूमध्य समुद्राचा शेजार. तोड्याच्या, म्हणजे जळती जामगी (वात) लावायच्या बंदुका आपल्याकडे १९व्या शतकातही चालत होत्या पण त्या बहुतेक लांब बंदुका, तोड्याचं पिस्तूल क्वचितच. आणि चाकावर घासून ठिणगी पाडणारं व्हीललॉक तुमच्या ट्रंकेत सापडण्याची शक्यता जवळपास नाहीच, ते १६व्या-१७व्या शतकातलं, जर्मन प्रांतांत जास्त, दस्त्यावर सांबरशिंगाचं पांढरं जडावकाम. सापडलंच तर हा लेख बंद करा आणि थेट म्युझियममध्ये जा.

नळीकडे वळू. बुडाजवळ डावीकडे आणि खालच्या अंगाला शिक्के शोधा. इंग्लंडमध्ये नळी जास्त दारू भरून तपासायचे, फुटली नाही तर शिक्का. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली १६३७ ला, त्यांचे शिक्के म्हणजे मुकुटाखाली एकात एक गुंफलेली जी आणि पी अक्षरं, आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमला तपासणीघर १८१३ च्या कायद्याने आलं, तिथला शिक्का मुकुट आणि खाली एकमेकांवर आडवे दोन राजदंड, सोबत बी पी सी ही अक्षरं. हे का महत्त्वाचं? कारण बर्मिंगहॅमचे कारागीर नळीवर खुशाल "लंडन" कोरायचे, लंडनचा माल जास्त भावाने जायचा म्हणून. वर लंडन, खाली बर्मिंगहॅमचा शिक्का, असं दिसलं तर शिक्क्यावर विश्वास ठेवा.

अंडाकृती चौकटीत ई एल जी ही अक्षरं असतील तर बेल्जियमचं लिएज. हा शिक्का १८११ पासूनचा आणि १८९३ पासून त्याच्यावर मुकुट आला, म्हणजे नुसता मुकुट आहे की नाही बघून ऐंशी वर्षांचा फरक कळतो. लिएजने १९व्या शतकात अर्ध्या जगाला पिस्तुलं विकली, नक्षीदारसुद्धा, आणि त्यातली बरीच "आजोबांच्या आजोबांची" म्हणून घरोघरी आहेत.

आपल्या भागात सगळ्यात जास्त निघतात ती ईस्ट इंडिया कंपनीची. लॉकवर हृदयाच्या आकाराचं चिन्ह, त्यात व्ही ई आय सी, असेल तर ते १८०८ च्या आधीचं, आणि मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर नंतरचं. ही हृदयाची खूण मालाच्या गठ्ठ्यांवर मारायचे तीच. घोडदळाचं पिस्तूल असेल तर साधारण नऊ इंची नळी, पितळेचे भाग, नक्षी शून्य. मुकुट आणि जी आर असेल तर इंग्लंडच्या कुठल्यातरी जॉर्ज राजाच्या काळातलं, १७१४ ते १८३०, व्ही आर असेल तर व्हिक्टोरिया, १८३७ नंतर. "टॉवर" (म्हणजे टॉवर ऑफ लंडन, तिथलं सरकारी शस्त्रागार) हा शब्द दिसला की लोक उड्या मारतात, पण तो हजारो लॉकवर आहे आणि खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी तो हाताने कॉपी करून करून त्याची अक्षरं उलटीपालटी करून टाकलीत. इंग्रजी एन उलटा दिसला, मुकुट वांग्यासारखा दिसला, की समजा हे इंग्लंडचं नाही.

कारागिराच्या नावाबद्दलही तेच. इटलीत ब्रेशाजवळ गार्दोने म्हणून गाव आहे, तिथल्या लाझारिनो कोमिनाझ्झोच्या नळ्या १७व्या शतकात एवढ्या नावाजल्या की पुढे दीड-दोनशे वर्षं बाल्कनपासून सगळीकडे लोक आपल्या नळीवर "लाझारो लाझारिनो" असं मनाला येईल त्या स्पेलिंगने कोरत बसले. मामाच्या पिस्तुलाच्या लॉकवर तर नुसती अक्षरासारखी दिसणारी अक्षरं आहेत, कोरणाऱ्याला वाचता येत नव्हतं हे उघड आहे, त्याने बाहेरच्या मालाचा रुबाब उतरवलाय.

घडणीवरून मुलूख ओळखणं हा सगळ्यात मजेचा भाग, आणि इथे डोळा फोटो बघून बघूनच तयार होतो. नळीखालचा गज (दारू-गोळी आत ठासायची काठी) बघा. गज बाहेर निघतो का? बाल्कन आणि तुर्की पिस्तुलांत पुष्कळदा तो खोटा असतो, दस्त्याच्या लाकडातूनच किंवा धातूतूनच गजासारखा आकार काढलेला, कारण खरा गज माणूस दोरीने अडकवून वेगळा बाळगायचा. उंदराच्या शेपटीसारखा निमुळता दस्ता आणि सगळं अंग धातूने मढवलेलं असेल तर अल्बानियाकडचं. दस्त्याच्या टोकाला हस्तिदंताचा किंवा चांदीचा गोळा, काळं चामडं चढवलेलं सडपातळ अंग, चापाच्या जागी छोटी गोळी आणि चापाभोवती संरक्षक कडी नाहीच, असं असेल तर कॉकेशस, दागेस्तान-सर्केशिया. तिथल्या कुबाची गावचं चांदीवरचं काळं मीनाकाम जगप्रसिद्ध आहे. इंग्लिश पिस्तुलात दस्त्याच्या बुडाची पितळी किंवा चांदीची टोपी बघा, तिचे दोन "कान" मुठीच्या दोन्ही बाजूंनी वर चढलेले असतात. लांब कान असतील तर १८व्या शतकाचा पूर्वार्ध, मग ते आखूड होत जातात आणि शतक संपता संपता नाहीसे होतात. चांदीच्या भागावर हॉलमार्क सापडला तर लॉटरीच, कारण त्यात सालाचं अक्षर असतं, ते तक्त्यात बघितलं की नेमकं वर्ष मिळतं. जहाजाच्या नांगराचं चिन्ह असेल तर बर्मिंगहॅम आणि १७७३ नंतरचं, कारण तिथलं चांदी तपासणीचं ऑफिसच त्या साली सुरू झालं.

आपल्याकडच्यांत टिपू सुलतानाची पिस्तुलं वेगळीच उठून दिसतात. वाघाची डोकी, वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, जोडीतल्या एकाला लॉक उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे. श्रीरंगपट्टणला बनलेली आणि त्यावर टिपूचं स्वतःचं मौलूदी साल. गंमत म्हणजे ते आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेत, म्हणजे १२२४ हे ४२२१ असं दिसतं, आणि ते साल साधारण १७९६-९७ येतं. अर्थात "टिपूचं" म्हणून विकायला काढलेल्या शंभर पिस्तुलांपैकी किती टिपूची असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आकडे वाचण्यावर थोडा जास्त वेळ घालवतो कारण मावसभाऊ तिथेच घसरला. अरबी-फारसी आकड्यांत पाच हा दिसायला अगदी आपल्या शून्यासारखा असतो, आणि शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. एक म्हणजे उभी रेघ. सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. सहा इंग्रजी साताची आठवण करून देतो. मामाच्या नळीवर जो शेवटचा गोल होता तो शून्य नव्हता, पाच होता. म्हणजे १२१५, आणि तेही हिजरी. हिजरी सालाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे: १२१५ चे होतात ११७८ आणि थोडं, अधिक ६२२, म्हणजे १८०० च्या आसपास. पानिपत १७६१. झालं, चाळीस वर्षं उशीर.

देवनागरी आकडे असतील तर शक की संवत ते ठरवा. शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा. आणि आकडा सापडला म्हणजे तो बनवल्याचाच असं नाही, संस्थानांच्या शस्त्रागारात हत्यार जमा झालं की त्यावर नोंद कोरायचे, बिकानेरच्या हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरं असतात ती अशीच.

आता कुठे नक्षी. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाल्याकडचं चालेल. सोन्याचं काम असेल तर जिथे सोनं झिजलंय तिथे बघा. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक ओरखड्यांची जाळी दिसली तर ती कोफ्तगिरी, त्या जाळीत सोन्याची तार हातोडीने दाबून बसवतात. जाळी नाही, खोल खाच करून तार भरलीय, तर ते तहनिशान, जास्त मेहनतीचं आणि जास्त टिकाऊ. दोन्हीपैकी काहीच नाही, नुसता पिवळा थर आहे, तर मुलामा, आणि तो अगदी एकसारखा चकाकत असेल तर अलीकडचा. सियालकोट आणि पंजाबातल्या गुजरात नावाच्या शहराची कोफ्तगिरी १९व्या शतकात साहेब लोक हौसेने विकत घ्यायचे, त्या मागणीसाठी जुन्या हत्यारांवर नवीन सोनं चढवल्याचीही उदाहरणं भरपूर आहेत. शिक्क्यावरून सोन्याची वेल गेली असेल तर वेल नंतरची, एवढं साधं आहे.

शोभेच्या नकला ओळखायला फार अक्कल लागत नाही. लोहचुंबक लावा, नळीला आणि लॉकला चिकटलं नाही तर जस्ताच्या मिश्रधातूची भिंतीवर लटकवायची वस्तू आहे. (पितळी नळीची खरी पिस्तुलं असतात, म्हणून लॉकला लावून बघाच.) कान आरपार नाही, नुसता खड्डा आहे. स्क्रूला अधिक चिन्हाची खाच आहे. पितळेवर ओतकामाचे बारीक खड्डे तसेच आहेत. गंज सगळीकडे एकसारखा, खाचेतही आणि कडेलाही, कारण तो ॲसिडने आणलाय. खरा वापर हात लागतो तिथे झिजवतो आणि कोपऱ्यात मळ साठवतो. एकदा मी स्वतः एका बाजारात बूट पॉलिश मारलेल्या शिसवी दस्त्याला चार हजार मोजून आलो, घरी आल्यावर रुमालाला ब्राऊन रंग लागला.

कायद्याचं टाळू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना जी दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत. "जुनं आहे म्हणजे चालतं" असा त्याचा अर्थ नाही. दुरुस्त करून उडू शकत असेल तर लायसन्सचा प्रश्न येतो, तेव्हा शहरात पोलीस आयुक्तालय आणि जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसची शस्त्र परवाना शाखा, तिथे स्वतःहून जाऊन विचारा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येते, परदेशातल्या भाच्याला कुरिअर करायची नाही, सुटकेसमधून न्यायची तर अजिबात नाही.

डोळा तयार करायचा तर पुण्यात केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, जमलं तर हैदराबादचं सालारजंग. काचेला नाक लावून फक्त लॉक बघत फिरा, तलवारी नंतर.

शेवटी एक कार्ड लिहा आणि पिस्तुलासोबत ठेवा, दोन रकाने करून: डावीकडे दिसलेलं, उजवीकडे ऐकलेलं. मामाच्या कार्डावर डावीकडे मी लिहिलंय: फ्लिंटलॉक, गज खोटा, नळीवर हिजरी १२१५, लॉकखाली लाकडाची चिप्पी बसवलेली म्हणजे लॉक नंतर बदललेला, बहुधा ओटोमन मुलखातलं. मामाचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९१७ ला बगदादकडे होते हे त्यांच्या पेन्शनच्या कागदावर आहे, तेही डावीकडे, पिस्तूल त्यांनी आणलं असं कुठे लिहिलेलं नाही म्हणून तेवढं प्रश्नचिन्ह टाकून. मामाने कार्ड वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि उजव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पानिपत.